डावा गाल

कवळ्या करणाऱ्या माणसाला चेहरे नुसते दिसत नाहीत, त्यांची मापं दिसतात. समोरचा बोलायला लागला की ठमीच्या बाबांची नजर आपसूक त्याच्या गालफडांवर जायची, आणि याच्या वरच्या दाढा गेल्यात हे त्यानं सांगायच्या आत त्यांना कळायचं. तीस वर्षं एकाच खिडकीशी प्लॅस्टर कालवण्यात गेली होती. बायको गेल्यावर घरात दोघंच उरली होती, ते आणि लेक.

ठमी बावीस वर्षांची. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायची. मुलं तिच्या ओठांकडं आणि गालांकडं बघून शब्द ओळखायची, म्हणून तिला प्रत्येक अक्षर चेहराभर उमटवून बोलायची सवय लागली होती. भाजीवाल्याशीही ती तशीच बोलायची. तो म्हणायचा, "ताई, मला ऐकू येतं हो!"

एका सकाळी चहा पिताना बाबांना तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून गालावर गेलेली एक रेघ दिसली.

"उशीचा वळ असेल," ती म्हणाली.

वळ संध्याकाळपर्यंत गेला नाही. महिन्याभरानंही गेला नाही. त्याची खळगी झाली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "फार थोड्या लोकांना होतो हा आजार. चेहऱ्याच्या एकाच बाजूची चरबी झिजते, मग स्नायू, कधी हाडसुद्धा. का झिजते, ते आम्हालाही माहीत नाही. काही वर्षांनी बहुतेकदा आपोआप थांबतो. थांबला की गाल भरून देता येईल."

"आणि तोवर?" बाबांनी विचारलं.

"तोवर लक्ष ठेवायचं."

लक्ष ठेवायचं तर नीट ठेवू, असं बाबांनी ठरवलं. फोटोत उजेड फसवतो. प्लॅस्टर फसवत नाही. दर तीन महिन्यांनी तिच्या चेहऱ्याचा ठसा घ्यायचा, त्यातून प्लॅस्टरचा चेहरा काढायचा आणि मोजपट्टीनं गाल मोजायचा. पहिल्या दिवशी खुर्चीत मागं रेलून, नाकात दोन नळ्या घालून ठमी म्हणाली, "शिंक आली तर?"

"शिंकेचाही ठसा येईल. आता हसू नकोस."

ती हसली नाही. प्लॅस्टरचा पहिला चेहरा अगदी गंभीर आला. डोळे मिटलेले, ओठ सरळ. बाबांनी मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि माप लिहिलं आणि तो खिडकीशेजारच्या फळीवर ठेवला.

वर्षभरात फळीवर पाच चेहरे झाले. प्रत्येकाचा डावा गाल आधीच्यापेक्षा आत गेलेला. ठमी शाळेत जरा तिरकी बसायला लागली, म्हणजे मुलांना तिची उजवी बाजू दिसेल. तरी मुलं चुकायची. चुकली की तिच्याकडं टक लावून बघायची. घरी आल्यावर ती तेच शब्द आरशापुढं पुन्हा म्हणून बघायची.

पाचवा चेहरा मोजल्यावर बाबांनी सहज म्हणून पहिला खाली घेतला. त्याचा डावा गाल लिहिलेल्या मापापेक्षा सहा मिलिमीटर जास्त भरला.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा मोजलं. सहाच. प्लॅस्टर घट्ट होताना किंचित फुगतं, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा वाळलं की ते दगड असतं, हेही ठाऊक होतं. मग त्यांनी पाचव्या चेहऱ्यामागचा आकडा पाहिला. ठमीचा गाल सहा मिलिमीटरनं झिजला होता.

त्यांनी तो चेहरा उजेडाकडं वळवला. गाल गोबरा दिसत होता. ओठाचा डावा कोपरा वर गेला होता. अर्धा चेहरा गंभीर होता आणि अर्धा हसत होता.

हे तिला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पण दुपारी जेवताना तीच म्हणाली, "बाबा, पहिला चेहरा बदललाय ना?"

"कोण म्हणालं?"

"या बाजूला हात लावला तर मला काही कळत नाही. जाणीव जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण खिडकी उघडी राहिली की तिथं वारा लागतो." तिनं बोटानं गाल दाखवला नाही. फळीकडं दाखवलं.

बाबांनी ताट सरकवलं. ते उठले, हातोडी घेऊन आले, आणि पहिला चेहरा टेबलावर आडवा ठेवला. आपल्याच हातानं आपण पोरीचा गाल काढून घेतला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

ठमीनं त्यांचा हात धरला.

"नको बाबा. फोडून तो मला परत मिळेल कशावरून?"

हातोडी खाली आली नाही. बाबा तिथंच खुर्चीत बसले आणि बायको गेली तेव्हा रडले नव्हते इतके रडले. ठमीनं खिडकी लावून घेतली.

त्यानंतर त्यांनी एकही ठसा घेतला नाही. आजार मात्र त्याच्या वेळेनंच, आणखी दोन वर्षांनी थांबला. डॉक्टरीणबाईंनी पोटाची चरबी घेऊन गाल भरून दिला. काम सुबक झालं. लोक म्हणाले, "कळतसुद्धा नाही!" ठमी आरशापुढं उभी राहून म्हणाली, "छान आहे. कुणाचा आहे कोण जाणे."

दूरच्या शहरात तशाच शाळेत तिला जागा मिळाली. निघताना बाबांनी तिला जवळ घेऊन दोन्ही गालांचे पापे घेतले. उजव्या गालाला ती हसली. डाव्याच्या वेळी ती नुसती थांबली, त्यांचं होईपर्यंत.

संध्याकाळी घर खायला उठलं.

कवळ्यांचं काम हाती धरवेना. त्यांनी फळीवरचा पहिला चेहरा उचलून मांडीवर घेतला. गाल आता अगदी भरलेला होता, शाळेत जायच्या वयात असायचा तसा.

त्यांनी आपला गाल त्याच्या डाव्या गालाला टेकवला आणि डोळे मिटून बसून राहिले.

फोन वाजला.

"पोचले बाबा," ठमी म्हणाली. "खोली बरी आहे. जेवलात का?"

"जेवेन."

मग ती हळूच म्हणाली,

"दाढी करा हो बाबा. टोचतेय."