दोन बोटं मोकळी

बातमी आली तेव्हा भानुदास इंगवले लढाऊ हेलिकॉप्टरच्या पोटाशी उभा होता आणि त्याच्या हातात धरमूठ होती. डोक्यावर पंखे फिरत होते. खडकमाळच्या तळावर इंजिन बंद न करता इंधन भरण्याचा सराव चाले. लढाईतून उतरलेलं हेलिकॉप्टर सहा मिनिटांत भरून पुन्हा उडालं पाहिजे, हा तिथला नियम. धरमूठ म्हणजे इंधनाच्या नळीवरची मूठ. दाबून धरली तर इंधन वाहतं, सोडली की त्याच क्षणी थांबतं.

कर्नल तावडे सुरक्षेच्या पिवळ्या रेषेवर येऊन उभे राहिले. एरवी ते तिथवर येत नसत. त्यांनी हाक मारली नाही, खूणही केली नाही. भानुदास समजला. पुण्याच्या इस्पितळात त्याची बायको उज्ज्वला वारली होती.

टाकीत अजून दोनशे लिटर जायचं होतं. त्यानं मूठ सोडली नाही. ते हेलिकॉप्टर उडालं, मागचं उतरलं, तेही त्यानं भरलं. मग तो रेषेपर्यंत चालत गेला.

"किती वाजता, साहेब?"

"सव्वानऊला. मी तुझ्या जागी दुसरा माणूस पाठवत होतो, इंगवले."

"अर्धी टाकी सोडून गेलो असतो तर बाईंनी मला घरात घेतलं नसतं, साहेब."

तळावर सगळे तिला बाई म्हणत. तोही कामावर बाईच म्हणे. उज्ज्वला इंगवले इंधनदलाची मुख्य प्रशिक्षिका होती. अठरा वर्षं दोघांनी जोडीनं काम केलं. नळी तिची, तार त्याची. कोरड्या हवेत पंखे फिरले की हेलिकॉप्टरच्या अंगावर वीज साठते. नळी तशीच टेकवली तर ठिणगी पडते. म्हणून आधी जोडतार लावून ती वीज जमिनीत उतरवायची. पंख्यांच्या आवाजात काही ऐकू येत नसे. तार लागली की भानुदास तिच्या खांद्यावर दोनदा थाप मारी, मगच ती नळी जोडी.

पाच महिन्यांनी डॉ. गौतमी केळुसकरांनी त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर कोपरापर्यंत येणारा राखाडी हातमोजा होता. त्याचं नाव स्मरणमोजा.

"बाईंनी तीन वर्षं हा घालून काम केलं," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदू हाताला जी आज्ञा देतो ती हा मनगटापाशी वाचतो, आणि बोटांनी प्रत्यक्ष काय केलं तेही टिपतो. मग तोच पाठ शिकणाऱ्याच्या हातात उतरवतो. बाईंच्या शेवटच्या वर्षाचे पाठ आम्ही निवडलेत. इथं बासष्ट जण त्यावर शिकले. मंजुरी मिळाली की अकरा तळांवर जातील. आधी त्यांच्या जोडीदारानं तपासावेत, अशी माझी इच्छा आहे."

भानुदासनं मोजा चढवला. समोर सरावाची नळी टांगली होती. मोज्यानं त्याचा हात उचलला, नळीला वळसा दिला, उचलताना मनगट किंचित आत घेतलं. हे मनगट तो ओळखत होता. त्यानं ते होऊ दिलं.

नळी टाकीच्या तोंडापाशी पोचली आणि हात थांबला.

"बिघडला का हो?"

"नाही. प्रत्येक पाठात इथं त्या थांबतात. कारण आम्हाला कळलं नाही. आम्ही पोरांना सांगतो, इथं तीन मोजा."

"तीन कसले मोजता, मॅडम? ती माझ्या थापेची वाट बघतेय."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. तेवढ्यात हात पुढे सरकला, नळी जोडली, धरमूठ दाबली. आणि भानुदासच्या लक्षात आलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुठीवर नाहीत. दोन्ही हवेत मोकळी आहेत.

"पहिल्या वर्षाचा पाठ लावा बरं."

पहिल्या वर्षी पाचही बोटं मुठीवर होती.

त्याला चहाचा कप आठवला. उज्ज्वला ती दोन बोटं बाहेर ठेवून कप धरायला लागली होती. तो म्हणाला होता, "काय राणीसाहेब, कपसुद्धा जड झाला?" ती म्हणाली होती, "मनगटाला बरं वाटतं हो." दोघं हसले होते. तिच्या मज्जातंतूंचा आजार पुढे पकडला गेला तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, सुरुवात कुठल्या बोटांपासून झाली? दोघांनाही सांगता आलं नव्हतं. निदान तो तसंच समजत होता.

नियम साधा होता. पाठ निरोगी हाताचाच हवा. तो बोलला तर तिचे पाठ बाद होणार, तिचा हात कायमचा पुसला जाणार. तो गप्प बसला तर कुणालाही कळणार नव्हतं.

"उद्या सांगतो," म्हणून तो बाहेर पडला. मैदानावर नाईक सोपान भगत नळी धरून उभा होता. वरून पंख्यांचा वारा त्याला रेटत होता, आणि त्याची दोन बोटं हवेत होती. आजार नसलेला धडधाकट गडी, पण मूठ आजारी माणसाची. भानुदास तिथूनच मागे फिरला.

"मॅडम, शेवटच्या वर्षातला हात आजारी आहे."

डॉक्टरांनी दोन्ही वर्षांचे पाठ पुन्हा शेजारी लावून बघितले. "हे मला वर कळवावं लागेल, सुभेदार साहेब."

"म्हणूनच सांगतोय."

कर्नल तावड्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "धरमूठ वेळेला सोडताही यायला हवी. पाठ बाद करण्याआधी ही मूठ किती झटकन सुटते त्याची चाचणी घ्या."

आठ दिवस चाचणी चालली. नळीत इंधनाऐवजी पाणी सोडलं, आणि कधीही, न सांगता, आगीचा भोंगा वाजवला. पाच बोटांनी धरणाऱ्यांना मूठ सोडायला पाऊण सेकंद लागला. बाईंच्या पद्धतीनं धरणाऱ्यांना पाव सेकंद. आणि वाऱ्यात एकाचीही नळी निसटली नाही.

"घाबरलेला माणूस हात आवळतो," डॉक्टरांनी दोघांना समजावलं. "आवळण्याची बरीचशी ताकद शेवटच्या दोन बोटांत असते. बाईंनी ती बोटं काढून घेतली आणि मुठीचा भार तळव्यावर टाकला. अंगाच्या वजनानं मूठ दाबलेली राहते, आणि अंग मागे घेतलं की सुटते. भीतीला आवळायला काही उरत नाही."

"म्हणजे आजारानं नशिबानं चांगलंच केलं म्हणायचं," कर्नल म्हणाले.

"नशिबानं नाही, साहेब." डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेषा आणल्या. "वरची आज्ञेची, खालची बोटाची. तीन मार्चला बोटाची रेषा पहिल्यांदा खाली आली. पुढचे नऊ दिवस आज्ञेची रेषा चढत गेली. मेंदू बोटांना ओरडून सांगतोय, बोटं ऐकत नाहीत. आणि बारा मार्चला आज्ञा शून्य. त्या दिवसापासून बाईंनी त्या बोटांना सांगणंच सोडलं. बोटं अजून थोडी हलत होती, तरीही."

"मग?"

"मग अठरा दिवस नळीत पाणी घेऊन, रिकाम्या शेडमध्ये, एकेचाळीस तऱ्हांनी मूठ धरून पाहिली. मोज्यात सगळं आहे, आम्ही उघडून बघितलं नव्हतं. एकेचाळिसावी तऱ्हा ही. ती सापडल्यावरच खऱ्या नळीला पुन्हा हात लावला. त्या अठरा दिवसांत खरी नळी कुणी धरली होती?"

"मी," भानुदास म्हणाला. "मला म्हणाली, तुम्हालाही नळी आली पाहिजे, तुम्ही धरा, मी बघते."

निदान झालं ते पुढच्या वर्षीच्या मेमध्ये. चौदा महिने तिला माहीत होतं.

"आधी कळलं असतं तर?" त्यानं विचारलं.

"आजार थांबला नसता. औषध तेव्हाही नव्हतं. नियमानं मी त्यांच्या हातातून मोजा काढून घेतला असता, एवढंच."

भानुदासनं मान हलवली. त्याला राग यायला हवा होता, पण ऊर भरून आला तो अभिमानानं. "आमच्या बाई अशाच," तो म्हणाला.

कर्नलांनी अहवालातले 'आजारी हात' हे शब्द खोडले नाहीत. त्यांच्याखाली लिहिलं: मूठ सर्वोत्तम, सर्व तळांना लागू करावी. पाठाच्या पहिल्या पानावर नाव गेलं, उज्ज्वला भानुदास इंगवले.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, "नळी थापेची वाट बघते, तर थापही पाठात हवी. तारेचा पाठ तुम्हालाच द्यावा लागेल."

तो रोज सकाळी मोजा घालून मैदानावर जातो. तार लावतो. थाप द्यायला हात उचलतो. सोपान खांदा पुढे करून उभा असतो, पण तो खांदा उज्ज्वलाच्या खांद्यापेक्षा चार बोटं उंच आहे. हात हवेतच थांबतो, आणि मोजा तेही टिपतो. मग भानुदास तो पाठ पुसायला सांगतो.

नळीचा पाठ अकरा तळांवर गेला. तारेचा पाठ अजून नोंदवायचा राहिला आहे.