डावीकडची खुर्ची

तिने डोळे उघडले, तेव्हा तिचं बोट बरोबर त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर रोखलेलं होतं.

डोळे मिटून गाणं ऐकायचं आणि आवाज कुठून येतो ते दाखवायचं होतं. "इथे उभी आहे ती गाणारी," असं ती आत्ताच ठामपणे म्हणाली होती... आणि तिथे, दोन स्पीकरांच्या मधोमध, हा उभा होता. हसू दाबत.

"बहुतेक लोक भिंतीकडे बोट करतात," तो म्हणाला. "तुमचे कान चांगले आहेत."

"आणि तुम्ही मध्ये कशाला येऊन उभे राहिलात?"

"मध्ये कुणी नसतं ना. म्हटलं, बोट वाया जायला नको."

झालं! एवढ्यावरच ती लाजली. खरं तर ती सहजासहजी लाजणाऱ्यांपैकी नव्हती. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघायचं आणि भिंगं बदलत विचारायचं, हे स्पष्ट की हे? तिच्या कॉम्प्युटरचे प्लॅस्टिकचे दोन स्पीकर होते, त्यातला एक आधी खरखरला आणि मग कायमचा गप्प झाला. म्हणून सुट्टीच्या गुरुवारी ती या दुकानात आली होती. खिशाला परवडेल असा एक ॲम्प्लिफायर आणि दोन छोटे स्पीकर, एवढंच घ्यायचं होतं.

दुकान काकांचं आणि हा त्यांचा पुतण्या. गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत. 'तानसेन नसलात तरी कानसेन व्हा' म्हणतात, तो हा होऊन बसला होता. काकांनी तर पाटीवरच रंगवून घेतलं होतं - आमच्या पुतण्याने ऐकल्याशिवाय वस्तू दुकानाबाहेर जात नाही.

त्याने तिला आधी खोली केवढी ते विचारलं, मग टेबल भिंतीला लागून आहे का, खुर्ची किती लांब. बहुतेक पैसे स्पीकरवर घालवा, म्हणाला. ॲम्प्लिफायर लहानसा पुरे, हातभर अंतरावर बसून ऐकायला काय सभा गाजवायचीय? खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. आणि ज्यांचं हवेचं भोक मागे असतं ते स्पीकर भिंतीला टेकले की घुमतात, म्हणून पुढे भोक असलेले घ्या. असे दोन जोड होते. कुठला घ्यावा ते तिला ठरवता येईना, म्हणून पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली. म्हणजे आईला तिने असं सांगितलं.

त्या दुसऱ्या गुरुवारी गाणारी हरवली.

त्याने तिच्यासमोर तारा काढून दुसऱ्या जोडाला लावल्या. तिने डोळे मिटले, बोट उचललं, आणि ते हवेतच राहिलं. आवाज होता, पण मध्ये नव्हता. दोन्ही भिंतींवर पातळ पसरला होता.

"सापडत नाहीये," ती म्हणाली.

तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, डोळे मिटून त्याने मान डोलावली. "बरोबर मध्ये आहे की. नीट ऐका."

ती उठून स्पीकरच्या मागे गेली. एका स्पीकरची लाल तार काळ्या भोकात होती आणि काळी लालमध्ये. म्हणूनच आवाज मध्ये न राहता पसरला होता. घाईत कुणाचीही होईल अशी चूक. पण जाणत्या कानाला ती क्षणात कळते, हे त्यानेच तिला गेल्या गुरुवारी सांगितलं होतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. तिच्या चष्म्याच्या दुकानात लायसन्ससाठी म्हातारे ड्रायव्हर येत, नजर अधू झालेले, आणि तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळ धडाधडा म्हणून दाखवत. पाठ करून आलेले असत. तिने तक्ता बदलला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"कुठला कान? डावा की उजवा?" तिने हळूच विचारलं.

त्याने उलट्या तारा सोडवून नीट लावल्या. मग म्हणाला, "डावा. आठ महिने झाले. सकाळी उठलो... आणि नव्हता."

कारण कुणालाच सांगता आलं नव्हतं. उजवाही हळूहळू उतरतोय, दोन-तीन वर्षं धरून चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांना त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पाटी, दुकान, गल्लीतली पत, सगळं त्याच्या कानांवर उभं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"पाठ करून येणाऱ्याला मी नापास करते," ती म्हणाली. "आजवर एकालाही सोडलेलं नाही."

"मग मलाही करा. फक्त... थोडं थांबून."

हे सगळं कुणाला कळू देऊ नका, ऐका आणि सोडून द्या, असंही तो म्हणाला. मग स्वतःच हसला. "तुम्हाला सोपं आहे. एका कानाने ऐकायचं, दुसऱ्याने सोडायचं. माझी तीही सोय गेली."

ती हसली, आणि त्याच हसण्यात फसली. नापास करायचं ते राहूनच गेलं.

पुढचे पाच गुरुवार ती दुकानात जाऊन बसली. गिऱ्हाईक आलं की तो तारा जोडायचा आणि ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायची. ठीक असेल तर स्वस्थ, काही बिघडलं असेल तर खुर्चीच्या हातावर एक टिचकी. काकांना वाटायचं, पोरगी पुतण्यासाठी येते. त्यात खोटं काही नव्हतं. आई मात्र विचारायची, दोन डबे घ्यायला असे किती गुरुवार लागतात? मधल्या एका सकाळी तो डोळे तपासायला तिच्या दुकानात आला. तिने मुद्दाम तीनदा तक्ता बदलला. त्याने शेवटची ओळ तिन्ही वेळा बिनचूक वाचली, आणि वाचताना तक्त्याकडे कमी, तिच्याकडेच जास्त पाहिलं.

तिला वाटलं, असंच चालेल. पण आठवड्यात गुरुवार एकच असतो.

सोमवारी तिच्या समोरच्या खुर्चीत एक बाई येऊन बसल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ कण्याच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तपासणी झाल्यावर त्यांनी पर्स आवरता आवरता विचारलं, "कानांचं काही असतं का हो तुमच्याकडे? डोळे गेलेच, आता कानही गेले."

कशावरून, असं तिने विचारलं.

"नवीन गाण्याचा सेट घेतला. एकाच बाजूने ऐकू येतं. पण तो मुलगा स्वतः घरी येऊन लावून गेला, ऐकून उत्तम आहे म्हणाला. त्याचे कान चुकायचे नाहीत. म्हणजे माझेच गेले. गाणं ऐकणं बंद केलं मी... उगाच जिवाला लागतं."

तिच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. तिला लाज वाटली, आणि ती त्याच्यापेक्षा स्वतःची जास्त होती. पाच गुरुवार तिने टिचक्या मारल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्याकडे गेली आणि बाई जे बोलल्या ते तिने शब्दन् शब्द सांगितलं. त्याला सगळं लगेच कळलं. दोन्ही बाजूंचा आवाज समान करणारं बटण उजवीकडे सरकलेलं राहिलं असणार. बाईंना ते दिसत नव्हतं आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

"त्यांचे कान ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "तुम्ही नापास आहात. मीही."

"काकांना काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच."

त्याने होकारार्थी मान हलवली. ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावर जाऊन रडली.

तो त्याच दुपारी बाईंकडे गेला. बटण मध्ये आणलं, त्यांची माफी मागितली, आणि संध्याकाळी काकांपुढे उभा राहिला. कान गेला ते मी सोसलं असतं, काका म्हणाले. नऊ महिने तोंडावर खोटं बोललास, ते सोसवत नाही. दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. त्याचं दुकानही सुटलं.

मग तीन गुरुवार त्याचा पत्ता नव्हता. ती दुकानासमोरून जायची. पाटीच्या जागी भिंतीचा रंग वेगळा दिसायचा, आणि हे आपण केलं, असं तिला दर वेळी वाटायचं. खरं बोललं की बरं वाटतं म्हणतात. तिला मुळीच वाटलं नाही.

चौथ्या गुरुवारी सकाळी दार वाजलं. हातात तीन खोकी घेऊन तो उभा होता. दाढी वाढलेली.

"तुमचा सेट," तो म्हणाला. "दुकानातून शेवटचा मीच पोचवतो म्हटलं. काकांनी 'बरं' म्हटलं. तीन आठवड्यांत तेवढंच बोलले."

आता एका गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालंय, असं त्याने सांगितलं. तिथे कानांना काही काम नव्हतं. आई त्याच्याकडे एकदा नीट बघून आत गेली आणि तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

त्याने टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, स्पीकर तिच्या कानांच्या उंचीला आणले, जरासे आत वळवले. तारा लावल्या, मग बोटांनी चाचपून लाल-काळं पुन्हा एकदा पाहिलं. कॉम्प्युटरवर तिने तेच गाणं लावलं. गाणारी मधोमध उभी राहिली. इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू येत होता.

"आता तुम्ही बसा," ती म्हणाली. "डोळे मिटा. बोट दाखवा."

"नको."

"बसा ना..."

तो बसला. डोळे मिटून ऐकत राहिला. बोट हळूहळू उठलं आणि पार उजवीकडे, रिकाम्या भिंतीवर जाऊन थांबलं. तिथे फक्त कॅलेंडरचा खिळा होता.

"चूक ना?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. उठून त्या भिंतीपाशी जाऊन उभं राहिलं असतं तरी भागलं असतं.

"चूक," ती म्हणाली.

त्याने हात खाली घेतला. तिने स्वयंपाकघराच्या दाराजवळची लाकडी खुर्ची उचलली, आणून त्याच्या डावीकडे ठेवली, अगदी खेटून, आणि त्याचा हात हातात घेतला. डोळे उघडून त्याने मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे ती बोलली.

"या बाजूला काय चाललंय ते तुला कळत नाही. मी बसते इथे. काही आलं तर सांगते."

"आणि उजवाही गेला तर?"

"तर खुर्ची समोर आणीन. माझ्या ओठांकडे बघून समजून घे. डोळे तुझे उत्तम आहेत, मी स्वतः तपासलेत."