बिनबटणाचा पंखा

सराफ्यामागच्या त्या भाड्याच्या घरात सुनेत्राने सगळं चालवून घेतलं, पण बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन तिच्या डोक्यात गेला. फॅन कसला, खडखडणारं गाडं. त्याला बटणच नव्हतं. वीज गेली, घर अंधारलं, तरी खालच्या मजल्यावरच्या घरमालकाच्या इन्व्हर्टरवर तो सुरूच.

खुब्याचं हाड मोडून खाटेला खिळलेल्या तिच्या सासूबाई, अनसूयाबाई, मागच्या आठवड्यात हाका मारमारून थकल्या. कपडे धूत बसलेल्या सुनेत्राला त्या खडखडाटात एकही ऐकू आली नाही. म्हातारी एकटीच उठायला गेली आणि पडली; तेव्हापासून तर कुशीवरही वळता येईना. पुन्हा पडल्या तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पंखा बदलायचं म्हटल्यावर घरमालक भय्यासाहेब आधी गोड बोलले, मग त्यांनी डोळे वटारले. "पंखे को हाथ मत लगाइए. आवाज़ होने दीजिए."

कारण विचारलं तर दार लावून घेतलं. सुनेत्राही हट्टाची. नवरा दिवाकर शहपुऱ्याला कामावर, मालक दुपारचे बाहेर. तिने ओळखीच्या अंबादास मिस्त्रीला बोलावून घेतलं.

पंखा काढून अंबादासने भोकातून पलीकडे पाहिलं. "बाई, पलीकडे तर चारी बाजूंनी भिंती आहेत. ना दार, ना खिडकी." त्याने नवा पंखा बसवला, बटण लावलं, जुना पिशवीत टाकला आणि तो गेला.

घर एकदम गप्प झालं. बाथरूममधून ओल्या राखेचा वास येऊ लागला. सुनेत्राने चहाचं आधण ठेवलं.

"सुनेत्रा... इकडे ये वं..."

"आली, आई."

एका हाकेला ओ देऊ नये, तीन होऊ द्याव्या, बाहेरचं काही असेल तर ते एकदाच बोलावतं, हे तिला सासूबाईंनीच शिकवलं होतं. रस्त्यात कोणी 'दीदी' म्हणून हाक मारली, तर ती ते पाळायचीही. पण या हिंदी गावात मराठीतून बोलावणारं घरच्याशिवाय कोण असणार? आपली माणसं नेमकी इथेच फसतात.

ती खोलीत गेली, तर अनसूयाबाई डोळे फाडून बाथरूमच्या भिंतीकडे पाहत होत्या.

"मी नाही बोलावलं... तू ओ काहून दिली वं?"

भिंतीपलीकडे कोणीतरी 'आली' हा शब्द घोकत होतं. आधी घोगऱ्या आवाजात, मग बारीक, मग हुबेहूब सुनेत्राच्या.

तिने धावत जाऊन नव्या पंख्याचं बटण दाबलं. तो फिरला, पण आवाजच करेना. "आई, मी जुना पंखा परत आणते. कोणी काही बोललं तरी बोलू नका," एवढं सांगून ती अनवाणीच जिना उतरली. गल्लीच्या तोंडाशी तिने अंबादासला गाठलं आणि पिशवीसकट ओढत आणलं. पाच मिनिटंही झाली नसतील.

दाराला आतून कडी होती. आत अनसूयाबाईंशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यांना तर कुशीवरही वळता येत नव्हतं.

सुनेत्राने दारावर मारायला हात उचलला, तोच आतून सासूबाईंचा आवाज आला. त्यात भीती नव्हती. रोजची, मायेची कुरकुर होती.

"हात काहून इतके गार झाले वं तुझे?"