विहिरीचं पाणी चढलं

पोहण्याच्या शिबिराचे अजून अकरा दिवस उरले होते. स्वरूपा टॉवेल खांद्यावर टाकून आर्थर अ‍ॅथलेटिक क्लबच्या मागच्या फाटकाशी आली, तर तलावाच्या जाळीला कुलूप. किशन तिथंच कट्ट्यावर बसला होता, ओल्या चड्डीची पिशवी मांडीवर घेऊन. पिशवी आज कोरडीच होती.

"तलाव बंद केलाय," तो म्हणाला. मग तिच्याकडं न बघता पुढं म्हणाला, "आणि तुझ्या आज्जाला कामावरनं काढलंय. वॉचमन भावकूमामा सांगत हुते."

स्वरूपाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

तिचा आज्जा, परशराम, एकतीस वर्षं या तलावाची राखण करत होता. क्लब तर शंभर वर्षांहून जुना. दगडी इमारत, सागवानी फळ्यांची व्यायामशाळा, भिंतीवर जुन्या पैलवानांचे नि टोपीवाल्या साहेबांचे फोटो, काटेचमचे वाजणारी जेवणाची खोली, आणि यंदा पाडव्याला सुरू झालेल्या पाहुण्यांसाठीच्या आठ नव्या खोल्या. सभासद सगळे टिळकवाडीतले वकील, डॉक्टर. येळ्ळूरच्या स्वरूपाला आणि वडगावच्या विणकराच्या किशनला तिथं पोहता येई ते फक्त आज्जाच्या शब्दावर.

पण गेल्या आठवड्यात शिबिरातल्या चार मुलांना कावीळ झाली होती. त्यातला सगळ्यात लहान नागेंद्र, त्यांच्या मैत्रिणीचा, तेजस्वीचा भाऊ, आयसीयूत होता. डॉक्टर म्हणाले, घाण पाणी पोटात गेलंय. आणि कमिटी म्हणाली, म्हातारा पाण्यात जंतू मारायची पावडर टाकायला विसरला.

"खोटं हाय ते," किशन म्हणाला. "व्हय की न्हाय?"

स्वरूपा घराकडं वळली. कारण तिला ते खोटं वाटत नव्हतं. याच उन्हाळ्यात आज्जा दोनदा चुकीच्या स्टॉपवर उतरला होता. एकदा चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधत होता. ज्या माणसानं तिला पाण्यावर तरंगायला शिकवलं, त्याच्यावरच तिचा विश्वास बसत नव्हता. तिला स्वतःचीच शिसारी आली.

घरी आज्जा पडवीत बसला होता. पुढ्यातल्या ताटातली भाकरी तशीच.

"आज्जा, पावडर घातलतास न्हवं?"

त्यानं ताट बाजूला सारलं. "रोज घालतोय. डब्बल घालत हुतो, वास टिकंना म्हणून. पर आता इतकी माणसं म्हणाय लागलीत, तर मलाच खात्री न्हाय ऱ्हायली, पोरी. त्या लेकराला काय झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी स्वरूपा दवाखान्यात गेली. तेजस्वी जिन्यात बसली होती, डोळे सुजलेले. स्वरूपाला बघून ती उठली.

"तू कशाला आलीस? तो आता मला ओळखतही नाही. पिवळा पडलाय नुसता." तिचा आवाज फाटला. "तुझ्या आजोबांना एक काम होतं. एकच."

ती वर निघून गेली. स्वरूपा पायरीवर उभी राहिली.

त्यानंतरचे दोन दिवस आज्जानं पेजेशिवाय काही घेतलं नाही. गावातली माणसं पडवीपुढनं जाताना आवाज खाली करत. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं स्वरूपाला मळ्यातल्या विहिरीवरनं घागर आणायला पाठवलं. विहीर तळाला गेली होती. पोहरा दगडावर खडखडला आणि अर्धा गाळच वर आला.

"मे महिना हाय बाई," शेजारची बाळाबाई म्हणाली. "सगळ्याच विहिरी खाली गेल्यात."

स्वरूपाचा हात दोरावरच थांबला. सगळ्या नव्हत्या गेल्या. क्लबचा तलाव ज्या विहिरीवर भरायचा, त्या विहिरीच्या दरसाल मे महिन्यात चौदा पायऱ्या उघड्या पडायच्या. ती लहानपणापासून मोजत आली होती. आणि यंदा आज्जा हात जोडून म्हणाला होता, औंदा पाणी चढलंया, देवाची किरपा.

ती घागर तिथंच टाकून वडगावच्या बसला पळाली.

तासाभरानं ती आणि किशन चिंचेच्या फांदीवरून क्लबच्या मागच्या भिंतीवर चढले आणि विहिरीत वाकले. नऊच पायऱ्या उघड्या होत्या.

"पाच पायऱ्या पाणी आलं कुठनं?" किशन म्हणाला.

विहिरीपासून वीस पावलांवर नव्या खोल्यांची मागची भिंत होती. तिथनं दोन जाड पाइप उतरून, फरशी टाकून बुजवलेल्या एका जुन्या खड्ड्यात शिरले होते. फरशीच्या सांध्यातनं हिरवंगार गवत उगवलेलं. बाकी सगळं मैदान करपून गेलं होतं.

किशननं नाक धरलं. "वास बघ की."

"पर सांगून कोण ऐकणार? म्हणतील, आज्जाला वाचवाय बोलतीया."

किशनच्या घरी मागावर साड्या विणायचे, आणि सूत रंगवायचा रंग माळ्यावर पडलेला असे. "आमच्याकडं जांभळा रंग हाय," तो म्हणाला. "त्यो खोलीतल्या संडासात वतायचा. विहिरीत उतरला तर उतरला. तलाव बंद हाय, मोटर बंद हाय. रंग कुठं जाणार न्हाय."

"खोलीत जाणार कोण? आपल्याला दारातच हाकलतील."

दोघांनाही उत्तर माहीत होतं. खोलीत जाऊ शकणारी एकच मुलगी त्यांच्या ओळखीची होती, आणि तिचे वडील, युवराज वकील, क्लबचे सेक्रेटरी होते. ज्या कागदावर आज्जाला काढलं, त्यावर त्यांचीच सही होती.

तेजस्वीनं दवाखान्याच्या जिन्यात उभं राहूनच सगळं ऐकून घेतलं. "त्या खोल्या बाबांनी बांधून घेतल्यात," ती हळूच म्हणाली.

"म्हाईत हाय."

"हे खोटं निघालं तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही." ती थांबली. "आणि खरं निघालं तर बाबांशी कसं बोलू?"

तरीही दुपारी ती क्लबात आली. पाहुणे यायचेत, खोली बघून ठेवते, असं सांगून तिनं तीन नंबरची किल्ली घेतली. दप्तरात रंगाची पुडी होती. बादलीत कालवून तिनं सगळा रंग ओतला आणि पाच वेळा पाणी सोडलं. स्वरूपा आणि किशन चिंचेवर बसून विहिरीकडं बघत राहिले.

तीन वाजले. चार वाजले. पाणी होतं तसंच काळपट हिरवं. सहाला तेजस्वी भिंतीपाशी आली, त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि एक शब्द न बोलता दवाखान्याकडं चालू लागली.

"उद्या बघू," किशन म्हणाला.

"काय बघायचं उद्या?" स्वरूपा म्हणाली. "त्यो इसरलाच असणार." बोलून गेल्यावर तिला रडू आलं. हे वाक्य तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं.

तरी सकाळी पहिल्या बसनं ती आलीच. घरात बसणं आणखी अवघड होतं. किशन आधीच आला होता. दोघं भिंतीवरून आत उतरले आणि भावकूमामांनी दोघांचीही बखोटी धरली.

"चोरावानी येताय व्हय? चला साहेबांकडं."

युवराज वकील ऑफिसात होते, दाढी वाढलेली, रात्रभर दवाखान्यात काढून आलेले. त्यांनी स्वरूपाला ओळखलं आणि त्यांचा चेहरा कठीण झाला.

"तुझ्या आजोबांनी काय केलंय ते पुरेसं नाही का?"

स्वरूपा टेबलापाशी गेली. "सर, पोलिसात द्या आमाला. पर आदी विहिरीत बघा. एकदाच."

"काय बघू?"

"मीही येते, बाबा." दारात तेजस्वी उभी होती. "रंग मी ओतलाय. तुमच्या तीन नंबरच्या खोलीत."

सगळे मागच्या अंगाला गेले. विहिरीवर ऊन पडलं होतं. खड्ड्याच्या बाजूच्या दगडांतनं एक जांभळा ओघळ उतरला होता आणि नवव्या पायरीखालचं पाणी पिकल्या जांभळासारखं दिसत होतं.

भावकूमामांनी मुलांना सोडलं.

युवराज वकील तसेच पायरीवर बसले. "ठेकेदार म्हणाला होता, पालिकेचं ड्रेनेज जोडायला वेळ लागेल. तोवर मैला जुन्या खड्ड्यात सोडू. मी म्हटलं, सोडा. पाडव्याला उद्‌घाटन करायचं होतं." त्यांनी तोंडावर हात घेतला. "माझ्याच पोराला मी..."

तेजस्वी त्यांच्यापासून दोन हात दूर उभी होती. ती पुढं गेली नाही. बऱ्याच वेळानं मात्र ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत कमिटी जमली. आज्जाला गाडी पाठवून आणवलं होतं. पाण्याची तपासणी करायला आलेल्या पालिकेच्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की इतक्या घाणीत दुप्पट पावडरही टिकली नसती, आणि रिकामी पोती मोजली तर परशराम दुप्पटच टाकत होते. युवराज वकिलांनी उभं राहून हात जोडले आणि सेक्रेटरीपद सोडत असल्याचं सांगितलं. ऐंशीच्या घरातले अध्यक्ष आण्णाप्पा सर काठी टेकत मुलांजवळ आले.

"आम्ही शिकलेली माणसं कागद बघत बसलो," ते म्हणाले. "तुम्ही विहीर बघितलीत. शाबास, पोरांनो." मग ते आज्जाकडं वळले. "परशराम, चूक आमची. उद्यापासून या."

टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनी स्वरूपाच्या अंगावर काटाच आला. नागेंद्र अजून आयसीयूतच होता.

परतताना गाडी नको म्हणून आज्जा बसस्टॉपवर आला. स्वरूपा त्याच्या शेजारी उभी राहिली.

"आज्जा, मला बी वाटलतं. तूच इसरलास म्हणून."

"मला बी तसंच वाटलतं गं. पर तू जाऊन बघिटलीस. मी एकतीस वर्सं त्या विहिरीवर हाय, आणि पाणी चढलं म्हणून हात जोडत बसलो. इचारलं न्हाय, आलं कुठनं."

येळ्ळूरची बस आली. आज्जानं ती थांबवायला हात केला नाही.

"चल," तो म्हणाला. "दवाखान्यात त्या लेकराच्या दारात बसू या जरा. तेजस्वी एकटीच हाय तिथं."