मान कोणीकडे वळली

सिद्धप्पा कार्डं बसल्या जागी भरतो, असा डॉक्टर विजयमालाला जूनमध्येच संशय आला होता. बसल्या जागी म्हणजे एसटी स्टँडवरच्या हॉटेलात, पुढ्यात चहा आणि भज्यांची बशी घेऊन. सरकारी कामात असं होतं, त्याचं तिला नवल नव्हतं. पण खोटंच भरायचं तर माणूस निदान पटेल असं भरतो. सिद्धप्पाची कार्डं मुळीच पटण्यासारखी नव्हती.

साल पंचाहत्तर. सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, तीच विजयमालाची प्रयोगशाळा. तिथं एका विषाणूचा अभ्यास चालायचा. सायटोमेगॅलोव्हायरस असं त्याचं लांबलचक नाव, म्हणून सिद्धप्पा त्याला नुसतं 'ते' म्हणायचा. गरोदर बाईला 'ते' झालं तर तिला साधी कणकण येते, दोन दिवसांत ती विसरूनही जाते. पण पोटातल्या बाळाच्या कानात ते जाऊन बसलं, तर मूल जन्मतःच बहिरं निपजतं. त्यावर औषध नव्हतं. विजयमाला नवजात मुलांची लघवी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. घुबडाच्या डोळ्यांसारख्या फुगलेल्या पेशी दिसल्या, की त्या मुलाचं कार्ड तयार व्हायचं. दीड वर्षात अशी बारा मुलं सापडली होती. दवाखान्यात बाळंत होऊन बायका माहेरी गेल्या, त्यांच्यामागे कार्डंही जिल्हाभर पांगली. कुणी माळशिरसला, कुणी वेळापूरला, कुणी पार अक्कलकोटच्या पुढे.

तान्ह्या मुलाला ऐकू येतं की नाही, हे तपासायचं यंत्र तिच्याकडे नव्हतं. तिनं दायांची युक्ती उचलली. मूल जन्मलं की दाई त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवते. दचकलं तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. सिद्धप्पानं एसटीनं गावोगाव जायचं, मुलाच्या डावीकडे, उजवीकडे आणि मागे थाळी वाजवायची, आणि 'मान कोणीकडे वळली' या रकान्यात लिहायचं, एवढं त्याचं काम.

माळशिरसच्या कार्डावर त्यानं लिहिलं होतं, 'डावीकडं वाजवली: उगवतीला. उजवीकडं: उगवतीला. मागं: उगवतीला. न वाजवता: उगवतीला.' अक्कलकोटकडच्या सगळ्या कार्डांवर 'मावळतीला.'

"सिद्धप्पा, ऐकू येत नसेल तर 'नाही' लिहायचं असतं," ती म्हणाली.

"न्हाईच येत, बाई. कानापाशी थाळी बडवली तरी पापनी हालत न्हाई."

"मग मान कशी वळली?"

सिद्धप्पानं टोपी काढली, पुन्हा घातली. "वळली न्हाई, बाई. वळलेलीच हुती."

दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः त्याच्याबरोबर वेळापूरला गेली. केराबाईचं माहेर गावाबाहेर, मेंढरं बसवलेल्या रानाला लागून होतं. आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून जन्मल्याबरोबर केरावर ठेवून उचललेली ही केराबाई. तिचं सात महिन्यांचं पोर घोंगडीवर बसलं होतं, आणि विजयमाला पायवाटेला लागल्यापासून तिच्याकडेच बघत होतं. त्यात काय, नवं माणूस, त्यात डोळ्यांवर चष्मा, तिनं मनाशी म्हटलं. सिद्धप्पानं थाळी वाजवली. मेंढरं उधळली, कुत्रं भुंकत सुटलं. पोर जागचं हललं नाही.

विजयमाला लिंबाखाली गेली. मान लिंबाकडे वळली. ती घरामागे गेली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. परत आली, तर पोर आईकडे पाठ करून त्या मातीच्या भिंतीकडे बघत बसलं होतं. त्याच्या तोंडावर भीती नव्हती की हट्ट नव्हता. ओळखीच्या माणसाची वाट बघावी, तसं ते बसलं होतं.

"सकाळपास्नं लई खुशीत हाय," केराबाई म्हणाली. "वाटंकडंच डोळं. म्हनलं, कुनी पाव्हनं येत्यात काय."

विजयमालाच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पोर तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं. त्याची नजर जरा खाली होती. साडीला चिखल लागला असेल म्हणून तिनं निऱ्या झटकल्या.

तिचा नवरा शिवयोगी शाळेत भूगोल शिकवायचा. घरात भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा होता आणि टेबलाच्या खणात होकायंत्र. तिनं होकायंत्र सिद्धप्पाला दिलं, अंश कसे लिहायचे ते दाखवलं, आणि कार्डं आली की नकाशावर टाचण्या टोचून दोरे ओढायला बसली. टॉवेलच्या कारखान्यातून आणलेला लाल, हिरवा, पिवळा दोरा. सगळे दोरे सोलापुरात येऊन मिळाले. सोलापुरात कुठे, ते बघायला शिवयोगीनं भिंग आणलं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला.

"नमुने तिथंच आहेत ना सगळे," तो म्हणाला, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच हसला.

एका गुरुवारी विजयमालानं प्रयोग केला. सिद्धप्पा सकाळीच वेळापूर-माळशिरसच्या फेरीला गेला होता. ती स्टँडवर गेली, फलाटाला लागलेली जी पहिली गाडी दिसली तिच्यात चढली, आणि गाडी बार्शीची निघाली म्हणून बार्शीला उतरली. तिथं दुपारभर एका देवळाच्या पायरीवर बसली. खरं तर तिला तिथं फार बरं वाटलं. उन्हाला पिवळी सुस्ती होती, कबुतरं घुमत होती, आणि किती वाजले याचा तिला विसर पडला.

शनिवारी कार्डं आली. वेळापूरचा दोरा आणि माळशिरसचा दोरा, दोन्ही त्या दिवशी सोलापूर सोडून बार्शीत मिळाले.

"सिद्धप्पाला कळलं असेल तू कुठं गेलीस ते," शिवयोगी म्हणाला.

"अहो, मलाच कुठं माहीत होतं?"

त्यानं दोरे सोडले आणि नकाशाची गुंडाळी करून कपाटावर ठेवून दिली.

मग एका सकाळी शेजारच्या विणकराच्या मागावरून खळीचा वास आला, आणि विजयमाला मोरीकडे धावली. लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत किती उपास, किती डॉक्टर, किती बायकांचे किती सल्ले. मोरीच्या कट्ट्यावर बसून तिनं बोटांवर दिवस मोजले आणि तिथंच हसत बसली. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी तिनं सिद्धप्पाचं ते पहिलं विचित्र कार्ड काढून तारीख बघितली. त्या तारखेला तिचा महिना चुकलासुद्धा नव्हता.

मुलं कुणाकडे बघत होती, ते तिला कळलं. का, ते मात्र तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मोठ्या माणसाला विषाणू शिवून गेलाय का, हे रक्तावरून बघायची एक चाचणी प्रयोगशाळेत व्हायची, आणि तिला मेंढीचं रक्त लागतं. धुळाप्पा धनगर दर मंगळवारी ते बाटलीत आणून द्यायचा. नळीत सगळं पाणी लाल झालं, तर ते रक्त कोरं, विषाणू शिवलेला नाही. तळाशी लाल टिपका बसला, तर शिवून गेलाय. दीड वर्षं विजयमाला ताडून बघायला कोरं रक्त म्हणून स्वतःचंच वापरत आली होती.

त्या मंगळवारी तिच्या पाच नळ्यांपैकी पाचांत टिपका बसला.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी नळ्या उजेडात धरल्या. "गर्भपाताचा कायदा झालाय आता," ते हळूच म्हणाले. "अजून वेळ आहे. मोकळी हो. सगळ्याच मुलांना बाधतं असं नाही, पण तू तर बघितलीयस ती मुलं."

"बघितलीयत," ती म्हणाली.

घरी तिनं शिवयोगीला सगळं सांगितलं. "आणि नाहीच ऐकू आलं तर?"

"तर हातांनी बोलू," तो म्हणाला. "मी वर्गात निम्मं हातांनीच बोलतो." मग तो रडला आणि तीही रडली. सात वर्षं वाट बघितलेलं मूल पाच लाल टिपक्यांसाठी टाकून द्यायला तिचं मन होईना.

पुढचे महिने तिला झोपेत चालल्यासारखे गेले. तिनं सिद्धप्पाच्या फेऱ्या बंद केल्या. कधी ती गच्चीवर उभी राहायची, आणि चहू दिशांनी कुणीतरी आपल्याकडे तोंड करून बसलंय, असं तिला अंगावर जाणवायचं. त्याचं भय वाटायला हवं होतं. पण सोबत असल्यासारखं वाटायचं, आणि त्याचंच तिला भय वाटायचं.

मार्चमध्ये, भर दुपारी, तिला दवाखान्यातच मुलगी झाली. गोरी, भरल्या अंगाची.

सावित्रम्मा दाईनं थाळी वाजवली.

मुलगी हलली नाही.

सावित्रम्मानं तेलुगूत देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा वाजवली, कानाला लावून वाजवली. शेजारच्या खोलीतलं मूल जागं होऊन रडायला लागलं. विजयमालाची मुलगी टक्क डोळ्यांनी खिडकीकडे बघत होती.

विजयमालानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

सकाळी सिद्धप्पा दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, जरा भाईर येता का?"

व्हरांड्यात बायका बसल्या होत्या. समोर लांबलचक चादर अंथरलेली, आणि तिच्यावर ओळीनं मुलं. अकरा. रडण्याचा आवाज नव्हता.

"तुम्हाला कुणी कळवलं?" विजयमालानं विचारलं.

"कुनी न्हाय, बाई," केराबाई म्हणाली. "काल दुपारपास्नं पोर घास घेईना. मान फिरवली की रडतंय. मग जिकडं बघतंय तिकडं आले. स्टँडावर उतरले, तर ह्या बी तितंच."

विजयमाला मुलीला घेऊन चादरीच्या टोकाशी टेकली.

एका दिवसाच्या मुलीला मान धरता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मुलीनं मान वळवली. पहिल्या मुलाकडे बघितलं. थांबली. मग दुसऱ्याकडे. तिसऱ्याकडे. प्रत्येकापाशी सारखाच वेळ. ज्याच्याकडे ती बघे, ते हसे. आवाज नाही, नुसतं हसू.

अकरा झाली.

चादरीच्या शेवटी गोजाबाई बसली होती. मांडी घातलेली, हात रिकामे. बारांपैकी तिचं पोर ऐन थंडीत गेलं होतं. त्याचं कार्ड विजयमालानं स्वतःच्या हातानं बाजूला काढलं होतं.

"गोजाबाई," विजयमाला म्हणाली. "तू कशी गं आलीस?"

"कालपास्नं मांडी जड झालीया, बाई." गोजाबाई खाली बघत होती. "म्हनून आले."

मुलीची मान आणखी थोडी वळली. गोजाबाईच्या तोंडाकडे नाही. जरा खाली. तिथं ती थांबली, बाकीच्यांपाशी थांबली होती तेवढीच.

व्हरांड्यात ऊन आलं. गोजाबाईनं पदर पुढे ओढला आणि मांडीवर सावली धरली.