निवृत्तीची न संपणारी पिशवी

वत्सलाचं पत्र अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीत आलं होतं, आणि भोगी तोंडावर आली तरी निवृत्तीनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्रात तिनं सरळच विचारलं होतं, 'घरचे स्थळं बघताहेत. तुमचं नाव सांगू का? संक्रांतीपर्यंत थांबते. मग मात्र मला बोल लावू नका.'

आता अशा पत्राला उत्तर द्यायला काय लागतं? एक 'हो'! पण निवृत्तीनं पेन उचललं की हात थरथरायचा, छाती धडधडायची... ती बी.एड. झालेली बाई, आपण तहसील कचेरीतले कारकून. पुढं पस्तावली तर? कशीबशी सुरुवात व्हायची ती 'आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की' अशी, आणि कागद चुलीत जायचा.

दोघं भेटले ते नाशिकच्या एसटी स्टँडवर. खात्याच्या परीक्षेला निघालेला निवृत्ती घामाघूम होऊन उभा होता. तेवढ्यात प्लॅस्टिकच्या लाल वायरचं बंडल गडगडत त्याच्या पायांखाली आलं.

"पाय उचला की! माझ्या पिशवीवर उभे आहात."

"पिशवी? ही तर... वायर आहे."

"होईल की पिशवी. ती काही तुमच्यासारखी घाबरत नाही!" तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं होतं. तिनं वायरची दोन टोकं त्याच्या बोटांत दिली. "विणा. शाळेत इन्स्पेक्टर यायचे असले की मी हेच करते. हात गुंतले की छातीला धडधडायला सवड मिळत नाही."

दोघांची बस एकच निघाली. तिच्या शाळेच्या गावापर्यंत, देवळ्यापर्यंत, त्यानं ओळभर गाठी घातल्या. निम्म्या चुकल्या, ती खुदकन हसली. परीक्षेचं भय कुठल्या थांब्यावर उतरून गेलं, त्याला कळलंच नाही.

पुढं दर रविवारी ती देवळ्याच्या शाळेला परत निघाली की हा स्टँडवर हजर — कुठंही जायचं नसताना, हातात वायर घेऊन.

"अजून झाली नाही पिशवी?"

"झाली तर... तुम्ही शिकवायच्या थांबाल ना."

ती लाजली. पण बस वळेपर्यंत खिडकीतून बघत राहिली.

दिवाळीत तिच्या घरचं बिऱ्हाडच देवळ्याला गेलं. रविवार सुने झाले. निवृत्ती मात्र विणतच राहिला. पत्राची आठवण झाली की एक ओळ! पिशवी त्याच्या कमरेला लागली.

"ही पिशवी हाय का कणगी रे?" त्याची आई शकुबाई म्हणाली. "मीच मावीन की हिच्यात!"

"विणलं की बरं वाटतं, आई."

"वाटतं ना? हात शांत झाला ना? मंग आता तोंड उघड! का पोरीला दुसऱ्याच्या घरी धाडतोस?"

निवृत्तीनं टोकं मुडपली, बंद विणून लावले, आणि मग हाताकडे पाहिलं. थरथर नव्हती. छाती धडधडत होती... धडधडू दे! त्यानं लिहिलं, 'माझं नाव सांगा. मी भित्रा आहे, तेही सांगा. संक्रांतीला आईला घेऊन तिळगूळ द्यायला येतो.'

पोस्टाबाहेर मोतीराम पोस्टमन पेटी रिकामी करत होता.

"अर्जंट आहे का, भाऊसाहेब?"

"हो," निवृत्ती म्हणाला, "दिवाळीपासून!"

मोतीरामनं हसून पाकीट थैलीत टाकलं.