पाहुण्याची फाईल

ये गं पोरी, अशी जवळ सरकून बस. एका पाहुण्याची गोष्ट सांगते. सुरुवात गोड आहे, पण शेवट कडू लागेल हो.

त्या दिवशी ऑफिसची लिफ्ट बंद होती. चार मजले चढून धापा टाकत आले, तर माझ्या खुर्चीत हा! सहा महिन्यांच्या करारावर आलेला.

“खुर्ची माझी आहे.”

“मग मी पाहुणा,” तो उठत हसला... आणि माझी धाप काही थांबेना.

चाळीस दवाखान्यांत नंबर लावायचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं लिहीत होतो. मी सगळं एकत्र कंपाइल करून एकच घट्ट प्रोग्रॅम बांधणारी. तो प्रत्येक काम सुट्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे वेगळ्या छोट्या फाईलमध्ये ठेवणारा. प्रोग्रॅम चालू असताना लागेल ते मॉड्यूल आत घ्यायचं.

“बिघडलं तर तेवढी एक फाईल बदलायची, कुलूपबाई! दवाखाना थांबायला नको.”

“सुटं ठेवलं की हरवतं, पाहुणे.”

“मी हरवलो तर शोधाल?”

मी कीबोर्डकडेच बघत राहिले. कान मात्र तापले...

करार संपत आला. त्याला कायम करायचं की नाही, ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. माझ्या वेड्या मनानं घेतलं — काम सुटं राहिलं, तर साहेब फाईल ठेवून घेतील आणि माणसाला वाटेला लावतील. आतच मिसळलं, तर याला कोण काढणार? त्याला न विचारता मी त्याचं तारखांचं मॉड्यूल मुख्य प्रोग्रॅममध्ये कंपाइल केलं आणि चाळीस ठिकाणी पाठवून दिलं.

महिनाअखेरीला पेशंटच्या नंबराच्या चिठ्ठ्यांवर तारखा चुकल्या. चूक त्याचीच, एवढीशी. दुरुस्त फाईल त्यानं पाच मिनिटांत दिली — पण ती घालायला जागाच उरली नव्हती! सगळा प्रोग्रॅम नव्यानं बांधून बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. आजारी माणसं दिवसभर बाकांवर ताटकळली.

“हे आत कुणी घातलं?” साहेब कडाडले.

मी मान खाली घातली.

“मी,” तो म्हणाला. आणि आपलं सामान आवरायला लागला.

मी त्याला जिन्यात गाठलं. “तुला माहीत होतं?”

“प्रोग्रॅममधल्या बदलांच्या नोंदीत तुझंच नाव होतं. का केलंस?”

“तू... तू जाऊ नयेस म्हणून.”

पहिल्यांदाच तो हसला नाही. “एवढंच तोंडानं सांगितलं असतंस, तर नोकरी गेली तरी मी याच गावात राहिलो असतो गं. पण वर तू गप्प बसलीस... ते कसं विसरू?”

पावलं खाली उतरत गेली.

मी वर जाऊन साहेबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी फोन लावले, मी लावले. त्यानं एकही उचलला नाही.

त्याचं मॉड्यूल मी पुन्हा सुटं केलंय. चिठ्ठीवरची तारीख आजही तेच छापतं, कधी चुकत नाही.

देवापुढे हात जोडशील ना पोरी, तेव्हा माझ्यासाठी काही मागू नकोस. त्या पाहुण्याची तेवढी आठवण ठेव.